थांबलेलीं इंजिनें काय सांगतात

आगगाडीच्या संग्रहालयांत गेलेला मनुष्य बहुधा दोन गोष्टी करतो. इंजिनाच्या पायरीवर मुलाबाळांना उभें करून त्यांचें छायाचित्र घेतो, आणि पितळी पाटीवरचें साल वाचून पुढच्या इंजिनाकडे वळतो. तोच मनुष्य एखाद्या शिलालेखापुढें किंवा जुन्या नाण्यापुढें उभा राहिला, तर त्यावरील अक्षरें लावून पाहतो, राजाचें नांव विचारतो, धातु कोणता याची चौकशी करतो. इंजिनाच्या वांट्यास हा आदर येत नाहीं. तें पूर्वी चालत होतें आणि आतां थांबलें आहे, एवढ्यावर त्याची ओळख संपते. वास्तविक थांबलेलें इंजिन हेंही इतिहासाचें एक साधनच आहे. त्याच्या चाकांची संख्या, दोन चाकांमधील अंतर, बाष्पपात्राचा घेर आणि त्याच्यामागें जोडलेल्या डब्यांतील बाकांची मांडणी या साऱ्या गोष्टी अक्षरांसारख्या वाचतां येतात. त्या नीट वाचल्या म्हणजे ज्या मुलुखांतून ती गाडी धांवली, त्या मुलुखाचें पीकपाणी, तेथील दुष्काळ, यात्रा आणि राज्यकारभार यांची हकीकत आपोआप उलगडूं लागते.

हें वाचन शिकण्यास सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फार सोयीचे आहेत. कारण या भूमीवर भारतांतील तीनही प्रमुख मापांचे रूळ पडले. साडेपांच फुटांचें ब्रॉडगेज, सव्वातीन फुटांहून किंचित् अधिक असें मीटरगेज आणि अडीच फुटांचें नॅरोगेज. मिरजेच्या स्टेशनांत १९२७ पासून मीटरगेज आणि नॅरोगेज या दोन मापांच्या गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहत. १९७१ मध्यें ब्रॉडगेज आलें आणि त्यानंतर सुमारें दोन दशकें तीनही मापांच्या गाड्या एकाच स्टेशनांत पाहावयास मिळत. पुण्याकडून येणारी गाडी एका मापाची, बेळगांवकडे जाणारी दुसऱ्या मापाची आणि पंढरपुरास निघणारी तिसऱ्या मापाची! आज मिरजेस एक ब्रॉडगेज तेवढें उरलें आहे. बाकीच्या दोन मापांची साक्ष प्रत्यक्ष पाहावयाची, तर संग्रहालयांची वाट धरावी लागते.

रुळांचें माप म्हणजे दोन रुळांच्या आंतल्या कडांमधील अंतर. ही बाब वरकरणी क्षुल्लक दिसते. पण रेल्वेच्या खर्चाचें सारें गणित तिच्यावर बसविलेलें असतें. लॉर्ड डलहौसी याच्या कारकीर्दींत साडेपांच फुटांचें माप ठरलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली उतारूंची गाडी गेली, ती याच मापाच्या रुळांवरून. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित आणि साहिब, सिंध व सुलतान हीं तीन इंजिनें असा तो थाट होता. परंतु रुंद मापाला रुंद भराव, मोठे पूल आणि जड रूळ लागतात. ज्या मुलुखांत मालाची आणि उतारूंची वर्दळ बेताची, तेथें हा खर्च भरून निघेना. म्हणून लॉर्ड मेयो याच्या वेळीं, १८७० मध्यें, दुय्यम मार्गांसाठीं मीटरगेजचा निर्णय झाला.

या निर्णयाची झळ आणि सोय दोन्ही साताऱ्यानें अनुभविलीं. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यांत माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणाच्या पट्ट्यांची दैना झाली. एका प्रांतांत धान्य असावें आणि दुसऱ्या प्रांतांत माणसें उपाशी मरावीं, याचें एक कारण वाहतुकीचा अभाव हें होतें. बैलगाडीनें धान्य दूर न्यावयाचें, तर वाटेंत बैलांनाच चारा मिळत नसे. १८८० च्या दुष्काळ आयोगानें रेल्वेमार्ग वाढविण्यावर भर दिला. पुढें १८८२ मध्यें सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुण्याहून साताऱ्याच्या मुलुखांतून मिरज, बेळगांव, लोंढ्याकडे जाणारा मार्ग तयार होऊं लागला. १८९० च्या सुमारास तो पुण्याशीं जोडला गेला. दुष्काळाच्या निवारणासाठीं काढलेला मार्ग स्वस्त असावा हें ओघानेंच आलें. म्हणून तो मीटरगेज झाला.

या मार्गाची आखणीही बोलकी आहे. तो छत्रपतींच्या राजधानीस भेटावयास गेला नाहीं. सातारा शहर बाजूस राहिलें आणि कांहीं मैलांवर ‘सातारा रोड’ या नांवाचें स्टेशन उभें राहिलें. नांवापुढें ‘रोड’ हा शब्द दिसला, कीं गांव अजून दूर आहे असें जुन्या उतारूंनीं समजावें, हा रेल्वेचा संकेतच होता. शहरें बाजूस राहिलीं, तरी रुळांच्या कडेला नव्या वसाहती मात्र उगवल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें औंध संस्थानांतील ज्या माळरानावर कारखाना काढला, त्याच्याजवळचें स्टेशन कुंडल रोड. पुढें त्या स्टेशनचेंच नांव किर्लोस्करवाडी झालें. कऱ्हाडचें स्टेशन ज्या ओगलेवाडीस आहे, तेथील कांचकारखान्याचे प्रभाकर कंदील घरोघर पोंचले. नांगराचे फाळ असोत, कीं कंदिलाच्या कांचा असोत, माळावरचा माल बाजारांत नेण्यास हाताशीं रूळ असणें ही पहिली गरज होती. संस्थानिकांनींही हें ओळखलें होतें. कोल्हापूर संस्थानचा मिरजेपर्यंतचा फांटा १८९१ मध्यें सुरू झाला, आणि सांगली संस्थानानें मिरजेपासून सांगलीपर्यंतचा आपला लहानसा फांटा १९०७ मध्यें पुरा केला.

तिसरें माप आलें तें पूर्वेकडून, आणि तें एका मनुष्याच्या चिकाटीचें फळ होतें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरींत असतां बार्शीचा कापसाचा बाजार त्याच्या नजरेंत भरला. मुख्य मार्गावरील बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शी गांव वीस-एकवीस मैल दूर. एवढ्या अंतरासाठीं मोठी रेल्वे परवडणारी नव्हती. कॅलथ्रॉपनें असा विचार केला, कीं रुळांवर पडणारें ओझें सर्व चाकांवर सारखें वांटलें, तर हलके रूळ आणि हलके पूल वापरूनही पुष्कळ माल नेतां येईल. प्रत्येक आंसावर जास्तींत जास्त पांच टन भार, हा त्याचा नियम. इंजिन असो वा वाघीण असो, या मर्यादेच्या वर कोणीं जावयाचें नाहीं. रूळ वारास तीस पौंड वजनाचे. आज मुख्य मार्गावर मीटरला साठ किलोग्रॅम वजनाचे रूळ घालतात. त्यांच्या मानानें हे रूळ जेमतेम चौथाई भरतील. आपली कल्पना लोकांस पटावी म्हणून त्यानें १८९४ मध्यें इंग्लंडांत लीड्सजवळ न्यूले येथें रुळांचा तुकडा घालून त्यावर आपल्या वाघिणी चालवून दाखविल्या. पुढच्या वर्षीं कंपनी स्थापन झाली आणि १८९७ च्या मार्चमध्यें बार्शीची गाडी सुरू झाली. १९०६ मध्यें ती पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास आणि १९२७ मध्यें सांगोला, ढालगांव, कवठेमहांकाळ, आरग या वाटेनें मिरजेस पोंचली.

एवढी पार्श्वभूमि ध्यानांत घेऊन इंजिनापुढें उभें राहिलें, म्हणजे पहिली नजर चाकांवर जावी. वाफेच्या इंजिनाचीं चाकें तीन गटांत मोजण्याची पद्धत आहे. पुढचीं आधाराचीं, मधलीं ओढणारीं आणि मागचीं आधाराचीं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयामुळें सर्वत्र प्रसिद्धीस आलेलें ‘फेअरी क्वीन’ हें इंजिन दोन-दोन-दोन या जातीचें आहे. तें लीड्स येथील किट्सन, थॉम्प्सन आणि ह्युइट्सन यांच्या कारखान्यांत १८५५ मध्यें तयार झालें. त्याच्या मध्यभागीं माणसाच्या उंचीचीं दोन प्रचंड चाकें आहेत आणि ओढण्याचें सारें काम तीं दोनच चाकें करतात. मोठें चाक एका फेऱ्यांत पुष्कळ अंतर कापतें. म्हणून असें इंजिन हलकी गाडी वेगानें नेण्यास योग्य. परंतु दोनच चाकें रूळ धरून ठेवणार, तेव्हां गाडी जड झाली किंवा चढ लागला, कीं तीं जागच्या जागीं घसरूं लागतात. बंगालच्या सपाट प्रदेशांत हें इंजिन शोभलें. साताऱ्याच्या चढणीवर त्याचा निभाव लागला नसता.

आतां याच्या शेजारीं बार्शी लाइट रेल्वेचें पहिलें इंजिन मनानें उभें करावें. तेंही लीड्सचेंच आणि किट्सनच्याच कारखान्याचें. परंतु जात शून्य-आठ-चार. पुढें आधाराचें चाक नाहीं, ओढणारीं लहान चाकें आठ आणि मागें आधाराचीं चार. म्हणजे सहा आंस. प्रत्येकावर पांच टन धरले, तर साऱ्या इंजिनाचें वजन तीस टनांपर्यंत नेतां येतें, आणि तरीही हलका रूळ वांकत नाहीं. आठ चाकें रुळांस धरून असल्यामुळें घसरण्याची भीति कमी. चाकें लहान असल्यामुळें वेग मात्र बेताचा. एका इंजिनांत घाई दिसते, तर दुसऱ्यांत ओझें वाहण्याची तयारी दिसते. चाळीस वर्षांच्या अंतरानें एकाच गांवांत घडलेल्या या दोन यंत्रांमधील फरक कारागिराच्या आवडीनिवडीमुळें पडलेला नाहीं. ज्या मुलुखाला जशी गाडी हवी होती आणि जेवढी परवडत होती, तसें तें इंजिन झालें.

याच कॅलथ्रॉपनें माथेरानच्या गाडीसाठींही इंजिनाची आखणी केली होती. तेथें रूळ दोनच फुटांचे आणि वळणें इतकीं तीव्र, कीं ताठ आंसांचें इंजिन वळणावर अडकून बसावें. म्हणून त्या इंजिनांच्या टोंकाच्या चाकांना थोडें बाजूस सरकतां येईल अशी सोय केलेली होती. जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यानें घडविलेल्या या चार इंजिनांपैकीं एक दिल्लीच्या संग्रहालयांत आहे. त्याच्याकडे पाहतांना उंचीपेक्षां चाकांच्या ठेवणीकडे लक्ष दिलें, तर सह्याद्रीचा डोंगरच त्या लोखंडांत उतरलेला दिसेल.

चाकांनंतर नजर वर न्यावी. इंजिनाचा लांबट गोल भाग म्हणजे बाष्पपात्र. त्याच्या मागच्या टोंकास भट्टी असते. भट्टींतील ज्वाळा आणि तप्त धूर बाष्पपात्रांतून गेलेल्या अनेक नळ्यांतून पुढें जातात आणि त्या नळ्यांभोंवतालचें पाणी उकळतें. वाफ कोंडली जाऊन तिचा दाब वाढला, कीं ती दोन्ही अंगांच्या नळकांड्यांत सोडतात. तेथें ती दट्ट्याला एकदां पुढें, एकदां मागें ढकलते. दट्ट्याचा दांडा चाकाला फिरवितो. काम झालेली वाफ मग धुराड्यांतून जोरानें बाहेर पडते, आणि बाहेर पडतांना भट्टींतील धूरही ओढून नेते. त्यामुळें भट्टींत ताजी हवा शिरते आणि निखारे फुलतात. गाडी जितकी जोरानें ओढावी, तितकी वाफ जास्त सुटते. वाफ जास्त सुटली, कीं विस्तव जास्त पेटतो. यंत्रानें आपली भूक आपणच भागवावी अशी ही योजना आहे. मुलें जिला ‘झुकझुक’ म्हणतात, ती या सुटणाऱ्या वाफेचीच लय. साध्या दोन नळकांड्यांच्या इंजिनांत ओढणाऱ्या चाकाच्या एका फेऱ्याला असे चार ठोके पडतात. जुन्या ड्रायव्हरांना केवळ हे ठोके ऐकून इंजिनाची प्रकृति कळत असे.

या यंत्राला कोळशाइतकीच पाण्याची तहान होती. म्हणून ठराविक अंतरावर पाण्याची टांकी आणि सोंडेसारखा नळ असलेलें स्टेशन लागे. ज्या गांवांत पाणी चांगलें, तेथें इंजिन जास्त वेळ थांबे, आणि तेथेंच चहा-फराळाच्या टोपल्या येत. पाण्यांत क्षार अधिक असले, तर बाष्पपात्रांत खपली धरे आणि नळ्या लवकर खराब होत. तेव्हां संग्रहालयांत इंजिनाशेजारीं तो पाण्याचा नळ उभा केलेला असेल, तर ती शोभेची वस्तु समजूं नये. त्याच्यावांचून इंजिनाची अर्धी कथा अपुरी राहते.

इंजिनाकडून डब्यांकडे वळलें, म्हणजे संग्रहालयांची एक उणीव लक्षांत येते. दिल्लीस १८७५ मध्यें बांधलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा डबा आहे, बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा डबा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा डबा आहे. कोरीव लांकूड, गाद्या, न्हाणीघर, नोकरांच्या बसण्याची जागा अशी त्यांत सारी सिद्धता दिसते. हे डबे टिकले, कारण ते थोडे वापरले गेले आणि फार जपले गेले. ज्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून देशांतील बहुतेक माणसें गेलीं, ते डबे झिजून, मोडून, भंगारांत विकून संपले. महात्मा गांधींनीं १९१७ मध्यें तिसऱ्या वर्गाच्या हालांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्या वर्गाचें नांव मात्र १९७४ पर्यंत टिकलें. त्याचीं लांकडी बाकें, गजांच्या खिडक्या आणि दाराशीं होणारी रेटारेटी हींच बहुसंख्य उतारूंची आगगाडी होती.

सांगली जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, तर आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरकडे जाणारी लहान गाडी हेंच त्या काळाचें खरें चित्र ठरेल. पताका, टाळ, पाण्याची घागर आणि शिदोरीची गांठोडीं घेऊन वारकरी डब्यांत शिरत. डबे अपुरे पडले, कीं यात्रेच्या गर्दींत मालाच्या वाघिणींतूनही माणसें नेण्याची वहिवाट त्या काळीं देशभर होती. म्हणून माणसांचा डबा जेवढा जपावयाचा, तेवढीच वाघीणही जपली पाहिजे. त्या वाघिणीनें एरव्हीं गूळ, भुईमूग, कापूस आणि धान्य वाहिलें, आणि यात्रेंत माणसें वाहिलीं.

रुळांचीं मापें निराळीं असल्याचा भार शेवटीं कोणाच्या पाठीवर पडला, हेंही वाघीण पाहतांना आठवावें. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळांवर जात नाहीं. मिरजेस पंढरपूरकडून आलेला माल मीटरगेजवर चढवावयाचा, तर प्रत्येक पोतें हमालानें पाठीवर घेऊन एका वाघिणींतून दुसऱ्या वाघिणींत टाकावयाचें. सांगलीची हळद किंवा किर्लोस्करवाडीचें लोखंडी सामान मुंबईस जावयाचें, तर पुण्यास पुन्हां हीच उलथापालथ. त्यांत वेळ जाई, पोतीं फुटत, कांचसामान दगावे, आणि हमालीचा आकार मालाच्या किंमतींत मिळे. उतारूंनाही पुण्यास सामान खालीं उतरवून गाडी बदलावी लागे. रूळ घालतांना जो खर्च वांचला, तो अशा रीतीनें पुढें कित्येक वर्षें हप्त्याहप्त्यानें फेडला गेला. मापांच्या एकीकरणाचा आग्रह कां धरला गेला, त्याचें उत्तर या पोत्यांत आहे.

आणखी एक हकीकत या मार्गाशीं कायमची जोडलेली आहे. आगगाडी ही सरकारची वाहतूक होती, तशी सरकारची सत्ताही होती. फौज, टपाल, खजिना आणि नोकरांचे पगार तिच्यांतून जात. १९४३ मध्यें सातारा जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकारची चळवळ जोरांत होती. त्या वर्षीं ७ जून रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील शेणोलीजवळ तुफान सेनेच्या तरुणांनीं रुळांवर दगड रचून पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली आणि ती रक्कम चळवळीसाठीं ताब्यांत घेतली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ या नांवानें ओळखले जाणारे रामचंद्र लाड हे त्यांत अग्रभागीं होते. त्या वेळीं आजचा सांगली जिल्हा निराळा नव्हता; त्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यांतच मोडत असे, आणि १९४९ मध्यें दक्षिण सातारा या नांवानें स्वतंत्र जिल्हा झाला. शेणोलीस त्या घटनेचें स्मारक आहे. साताऱ्याच्या मीटरगेज गाडीचें एखादें इंजिन कोठेंही मांडलें, तर त्याच्या पाटीवर कारखान्याच्या नांवाबरोबर शेणोलीचेंही नांव असावयास हवें.

स्वातंत्र्यानंतर या रुळांचा काळ झपाट्यानें पालटला. बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें घेतली. चित्तरंजनच्या कारखान्यांतून १९५० मध्यें ‘देशबंधु’ हें पहिलें इंजिन बाहेर पडलें होतें. त्याच कारखान्यानें १९७० मध्यें ब्रॉडगेजसाठीं वाफेचें शेवटचें इंजिन बांधलें आणि त्याला ‘अंतिम सितारा’ असें नांव दिलें. १९७२ मध्यें मीटरगेजचेंही शेवटचें इंजिन तेथें तयार झालें. पुणें, मिरज आणि कोल्हापूर हा मार्ग १९७१ मध्यें ब्रॉडगेज झाला आणि जुन्या फांट्यावरची सांगली मुख्य मार्गावर आली. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राष्ट्रपति वराहगिरी वेंकट गिरी यांच्या हस्तें दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाची कोनशिला बसली. तें संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजीं उघडलें. मिरज-पंढरपूर लहान गाडी २००८ मध्यें बंद पडली आणि पुढें त्या वाटेवरही ब्रॉडगेज आलें.

जुन्या यंत्रांचें जतन आपोआप होत नाहीं, याचा दाखला आपल्या पहिल्याच गाडींत आहे. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकीं एकही आज संग्रहालयांत पाहावयास मिळत नाहीं. त्यांचें ऐतिहासिक मोल कोणाच्या ध्यानांत येण्यापूर्वींच तीं नाहींशीं झालीं. ‘फेअरी क्वीन’ वांचलें तें नशिबानें. १९०९ मध्यें सेवेंतून निघाल्यावर तें हावड्यास नुसतें उभें राहिलें. १९४३ मध्यें चंदौसीच्या रेल्वे शाळेंत गेलें. पुढें दिल्लीस आलें. आणि १९९७ मध्यें दुरुस्त होऊन पुन्हां चाललें. जगांतील चालतें असलेलें सर्वांत जुनें वाफेचें इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. दिल्लीनंतर १९७९ मध्यें म्हैसूरला रेल्वे संग्रहालय झालें. महाराष्ट्रांत नागपूरच्या मोतीबाग येथें २००२ मध्यें नॅरोगेजसाठीं स्वतंत्र संग्रहालय निघालें. तेथील रूळ अडीच फुटांचेच असल्यामुळें, मिरजेच्या लहान गाडीचें माप प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहूं इच्छिणाऱ्यास तें फार उपयोगी आहे.

इंजिन आणून चौथऱ्यावर ठेवलें, म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. लोखंडाचे शत्रु अनेक. धुराड्याखालच्या कोठडींत राहिलेली राख आणि काजळी पावसाच्या दमटपणानें भिजली, कीं तिच्यांतील गंधकापासून आम्ल तयार होतें आणि तें आंतून पत्रा खातें. बाहेरून मात्र दर दिवाळीला काळा रंग लागत असतो. बाष्पपात्रावरील आच्छादनाच्या आंत पाणी सांचतें. हात पोंचतील तेवढे पितळी भाग चोरीस जातात. कित्येक जुन्या इंजिनांच्या आच्छादनांत ॲस्बेस्टॉस वापरलेलें असे. त्याची धूळ फुफ्फुसांस घातक, म्हणून तें काढण्याचें काम जाणत्यांकडेच सोंपवावें लागतें. उघड्यावरील इंजिनास निदान छप्पर मिळावें, राख पूर्ण काढलेली असावी, फिरत्या भागांना वंगण असावें आणि चाकांखालीं त्याच मापाचे रूळ असावे, या चार गोष्टी सांभाळल्या तरी त्याचें आयुष्य पुष्कळ वाढतें. शेवटची गोष्ट ज्ञानाच्या दृष्टीनेंही महत्त्वाची आहे. चुकीच्या अंतरावरील रुळांवर किंवा नुसत्या काँक्रीटवर ठेवलेलें नॅरोगेज इंजिन खेळण्यासारखें दिसतें. त्याचें लहानपण कशासाठीं होतें, हें त्यांतून कळत नाहीं.

इंजिनाइतकींच त्याच्याभोंवतींचीं लहान साधनें मोलाचीं आहेत. सिग्नलचा हात, हातकंदील, जाड पुठ्ठ्याचें तिकीट, तारखेचा शिक्का मारण्याचें यंत्र, वेळापत्रकें, मालाच्या पावत्या यांचें वजन थोडें आणि आयुष्य त्याहून थोडें. मोठें इंजिन कोणीतरी उचलून चौथऱ्यावर ठेवतो. पावतीचें पुस्तक रद्दींत जातें. परंतु कवठेमहांकाळच्या व्यापाऱ्यानें कोणत्या महिन्यांत किती पोतीं कोठें धाडलीं, हें इंजिन सांगूं शकत नाहीं. तें त्या पावतीलाच ठाऊक असतें. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील ज्या घरांतून वडीलमंडळी रेल्वेच्या नोकरींत होती, त्या घरांच्या माळ्यावर अशीं कागदपत्रें असण्याचा संभव बराच आहे. तीं जपलीं जावीं आणि जाणत्या संस्थेच्या हातीं पडावीं, हें काम संग्रहालयाच्या दाराबाहेरच सुरू होतें.

पुढच्या वेळीं एखादें कुटुंब संग्रहालयांत गेलें, तर मुलांनीं इंजिनाच्या पायरीवर खुशाल चढावें. मात्र खालीं उतरल्यावर वडीलधाऱ्यांनीं त्यांच्याकडून पांच प्रश्न विचारून घ्यावे. रुळांमधील अंतर किती? ओढणारीं चाकें किती? हें पाणी कोठें घेत असे? याच्यामागें कोण बसत असे आणि कशावर बसत असे? आणि याचें माप जेथें संपलें, तेथें ओझें कोणीं वाहिलें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें इंजिनाजवळच मोजून मिळतील. तिसऱ्याचें उत्तर कदाचित् शेजारच्या पाटीवर असेल. शेवटच्या दोहोंसाठीं मात्र घरीं येऊन आजी-आजोबांना विचारावें लागेल; मिरजेच्या फलाटावर गाडी बदललेलीं माणसें अजून पुष्कळ घरांत आहेत.